चौथ्या पिढीला हात लावताना

माझ्या बाबांनी आयुष्यात एक स्कूटर आणि एक सेकंडहँड छोटी गाडी, एवढीच वाहनं घेतली. प्रेम मात्र तिसऱ्याच गाडीवर केलं, तेही चाळीस वर्षं आणि आईच्या डोळ्यांदेखत.

ती परदेशी. दोन दारांची, लांब नाकाची, बसकी. सकाळी निघावं, सहाशे किलोमीटर जावं आणि उतरताना शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडू नये, अशा लोकांसाठी बनवलेली. बाबा केंद्र सरकारच्या कचेरीत होते. त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडायला सकाळची बस पुरेशी होती.

तिची पहिली पिढी, म्हणजे पहिलं मॉडेल, आम्हाला चाणक्यपुरीत भेटली, एका वकिलातीबाहेर. मी सात वर्षांची, स्कूटरवर पुढे उभी. बाबांनी करकचून ब्रेक मारला. गाडी सगळी सरळ, धारदार कडांची, जणू कुणी नुकतीच घडी घालून ठेवलेली. "नीट बघून घे," बाबा म्हणाले. मी त्यांच्याकडेच बघत राहिले, कारण आपला बाप असा लाजतो हे मला नवीन होतं.

दुसरी प्रगती मैदानावरच्या प्रदर्शनात दिसली, मी कॉलेजात असताना. ती गोलगोल झाली होती. "महिनाभर वापरलेला साबण," बाबा म्हणाले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसरी थेट मामेबहिणीच्या रिसेप्शनला, हॉटेलच्या पोर्चमध्ये उभी. डोळे बारीक, ओठ आवळलेले. बाबा पनीर सोडून तिच्याभोवती तीन चकरा मारून आले. "चिडलीय. पण खानदानी आहे."

गेल्या हिवाळ्यात चौथी गुरुग्रामच्या शोरूममध्ये आली. तोवर बाबांच्या नजरेतला मधला भाग गेला होता. कडेकडेचं तेवढं धूसर दिसायचं आणि डॉक्टरांनी पुढची आशा दाखवली नव्हती.

"तीन पाहिल्या. चौथी राहिली," बाबा म्हणाले. "आता हाताने बघीन."

आणि त्यांनी सराव सुरू केला! आमच्या द्वारकेच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये, रोज सकाळी. बॉनेटवरून हात फिरवून कुठली गाडी ते ओळखायचं. चार अलार्म वाजले. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली: कोई अंकल हमारी गाड़ियाँ सहलाते हैं, प्लीज ध्यान दें.

आईने ती मोठ्याने वाचून दाखवली. "माझ्या गालावरून फिरवलात का कधी एवढ्या प्रेमाने हात?"

"तू मॉडेल कुठे बदललंस? पाठ आहेस तू मला."

आई लाटणं घेऊन आत गेली. पण पोळ्या त्या दिवशी जरा जास्तच मऊ झाल्या.

आता अडचण अशी, की शोरूममध्ये असल्या गाडीला गिऱ्हाइकालाच हात लावू देतात. मी गणपतीतल्या नाटकांत वीस वर्षं राण्या केलेल्या. मला ही अडचण मुळी अडचणच वाटेना. पैठणी काढली, मोत्यांच्या तीन माळा घातल्या, काळा चष्मा चढवला.

"बाबा, मी नाशिकची द्राक्षबागायतदारीण. तुम्ही माझे वडील."

"तो मी आहेच."

"मग गप्प राहा आणि हनुवटी वर ठेवा."

"सगळ्या नोकरीत एक खोटी सही केली नाही मी."

"सही कोण मागतंय, यार बाबा!"

काचेचं दार उघडलं. कोट घातलेली एक तिशीची बाई हसत पुढे आली. "वेलकम सर. कौन-सा कलर सोचा है?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "बेटा, हमको कुछ लेना नहीं है. मुझे दिखता नहीं ठीक से. इसकी पहली तीन देखी हैं. इसको हाथ लगाके देखना था. मना करोगी तो भी चलेगा."

माझी द्राक्षं जागच्या जागी सुकली.

तिने बाबांकडे पाहिलं. मग माझ्या माळांकडे. मी चष्मा काढला. दुसरं काय करणार?

"अंगूठी और घड़ी उतार दीजिए, अंकल," ती हळूच म्हणाली. "स्क्रैच आया तो मेरी नौकरी गई समझिए."

बाबांनी अंगठी माझ्या हातावर ठेवली, घड्याळ ठेवलं, आणि मग खाली वाकून बूट काढायला लागले.

"अरे, जूते क्यों?"

"किसी के घर में जूते पहनके जाते हैं क्या?"

त्या चकचकीत फरशीवर मोज्यांनी उभं राहून बाबांनी नाकापासून सुरुवात केली. दोन्ही तळवे, अगदी सावकाश. दिव्यापाशी थांबले. "राग गेला हिचा." ती बाई माझ्याकडे वळली, मी भाषांतर केलं. मागच्या चाकावरच्या फुगवट्यापाशी ते पुन्हा थांबले. "पहली में यहाँ किनारा था, सीधा. काग़ज़ जैसा." तिने ती पहिली कधी पाहिलीच नव्हती. बाबांनी तिचा हात धरून गाडीच्या अंगावर तिला पहिली दाखवली, मग दुसरी, मग तिसरी. ती त्यांच्याबरोबर चालत राहिली.

शेवटी बाबा दाराशी आले. हात फिरतोय, फिरतोय, हँडल सापडेना. नुसता गुळगुळीत पत्रा. त्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात तिने खिशातली किल्ली दाबली आणि बंद पत्र्यातून हँडल अलगद बाहेर आलं, नेमकं बाबांच्या बोटांत.

बाबा दचकले. मग त्यांनी ते धरून ठेवलं, कुणी ओळख करून दिल्यावर धरावं तसं.

"हिने स्वतःहून हात पुढे केला गं," ते मला म्हणाले.

मी माळा सारख्या करण्यात गुंतले.

नंतर ते आत बसले. तिने सीट मागे सरकवली, हातात पाणी दिलं. बाबा बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. उतरताना तिला विचारलं, "पाँचवीं कब आएगी?"

"सात-आठ साल तो लगेंगे, अंकल."

बाबांनी मनाशी हिशेब केला. त्यांचं वय मला ठाऊक होतं. तिलाही अंदाज आला असावा, कारण ती खाली बघू लागली.

"ठीक है," बाबा म्हणाले. "तुम यहीं रहना. मैं घड़ी उतारके ही आऊँगा."