हिरव्याचं केशरी

नांदेडच्या बसस्थानकावर कंडक्टरनं आमच्या गुंडाळलेल्या दुर्बिणीकडं संशयानं पाहिलं आणि विचारलं, ह्यात सिलिंडर तर न्हाई ना? रफिकभाईंनी गोधडी सोडून भिंग दाखवलं, तेव्हा कुठं मागच्या सीटवर जागा मिळाली. रफिकभाईंचं चष्म्याचं दुकान आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. चष्मा करायला गेले होते, तेव्हा काउंटरमागं त्यांनी काढलेला चंद्राचा फोटो दिसला आणि ओळख झाली. आता दर हिवाळ्यात आम्ही दोघं मिळून तेजोमेघांचे, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगांचे फोटो काढतो.

त्यातला एक, गुलाबाच्या फुलासारखा दिसणारा, लातूरच्या एका विज्ञान प्रदर्शनात लागणार होता. तो पाहायचा आणि पुढं निलंग्याजवळ माझ्या आतेबहिणीच्या शेतात मुक्काम करून तोच ढग पुन्हा टिपायचा, असा बेत होता.

गोदावरीचा पूल मागं पडला. लोह्यानंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करडई पिवळी झाली होती. अहमदपूरला चहा आणि गरम भजी झाली. शेजारच्या मावशी उदगीरच्या लेकीकडं निघाल्या होत्या. माझ्या मोबाइलवरचा फोटो पाहून त्यांनी विचारलं, हे रंग आभाळात हायत का? मी सांगितलं, कॅमेरा काळा-पांढराच आहे. त्यापुढं तीन काचा आळीपाळीनं लावतो. एक फक्त हायड्रोजनचा उजेड आत सोडते, दुसरी ऑक्सिजनचा, तिसरी गंधकाचा. हायड्रोजन आणि गंधक दोन्ही डोळ्याला लालच दिसतात, मग वेगळे कसे ओळखायचे? म्हणून सगळ्यांत लांब लहरीच्या गंधकाला लाल, मधल्या हायड्रोजनला हिरवा आणि सगळ्यांत आखूड लहरीच्या ऑक्सिजनला निळा द्यायचा.

"म्हंजी रंग तुमीच देता."

"हाव, पण क्रम आभाळाचा."

मावशींनी मान डोलावली आणि त्या अहमदपूरलाच उदगीरच्या गाडीसाठी उतरून गेल्या.

लातूरच्या सभागृहात शिरलो. आमचा फोटो दारासमोरच होता, मोठा करून लावलेला. क्षणभर तो आमचा आहे हेच कळलं नाही. सगळा ढग केशरी झाला होता. फुलाच्या मधली निळी पोकळी मळकट गुलाबी दिसत होती. हायड्रोजन कुठं संपतो आणि गंधक कुठं सुरू होतो, काही पत्ता नव्हता. वर तो इतका ताणून मोठा केला होता की तारे भिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगले होते. खाली पाटीवर एकच नाव होतं. माझं.

या फोटोत हिरवा ठेवायचा की नाही, यावर रफिकभाईंनी कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या. पुष्कळ लोक हिरवा दाबून सोनेरी करतात, डोळ्याला बरं वाटतं. त्यांनीही करून पाहिलं होतं. पण सोनेरीत गंधकाची कड हरवते, म्हणून त्यांनी हिरवाच ठेवला. रंगाचं सगळं काम त्यांचं. माझं काम फोकसचं.

संयोजक हसत पुढं आले. मी पाटीकडं बोट दाखवलं. दोन नावांनी पाटी लांबत होती, म्हणाले. आणि रंग? मी विचारलं.

ते आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, हिरवा जरा जास्तच होता. त्यात खाली ते नाव. आजकाल कुणाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. आणि रंग तुम्हीसुद्धा कल्पनेनंच भरता ना? आम्ही दुसरा भरला."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. हा वायू आहे, कुणाचा झेंडा नाही, हे बोलले. ज्यानं फोटो घडवला त्यालाच पुसून टाकलंत, हे बोलले. प्रयोग पाहायला आलेल्या मुली वळून बघायला लागल्या. उद्घाटनाचे पाहुणे येऊन गेले की उद्या बघू, असं संयोजक म्हणत राहिले. मागं वळून पाहिलं तर रफिकभाई नव्हते. ते बाहेर झाडाखाली दुर्बिणीजवळ उभे होते.

निलंग्याच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. औशाचा किल्ला उन्हात तापत पडला होता. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी रखडली. मला संयोजकांचा राग होता, आणि खरं सांगायचं तर गप्प राहिलेल्या रफिकभाईंचाही.

आतेबहीण कमलअक्का बांधावरच वाट पाहत होती. "बर्री, बर्री (या, या)," म्हणाली. तिचं माहेर सीमेवरचं, स्वागत कानडीतच होतं. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) तिनं समोर ठेवली. मी रागारागानं जेवले. काय झालं म्हणून अक्कानं दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

अंधार पडल्यावर दुर्बीण लावली. फोकससाठी भिंगावर जाळीचं झाकण बसवायचं असतं. मग ताऱ्यातून उजेडाच्या तीन रेघा फुटतात आणि मधली रेघ बरोबर मध्यावर आली की फोकस लागला. हायड्रोजनच्या काचेतून लागला. काच बदलली की फोकस पुन्हा साधावा लागतो, हवा गार झाली की नळी आकसते, तेव्हाही. ऑक्सिजनच्या काचेला माझ्या हातून फोकसचं चाक दर वेळी जास्तच फिरत होतं. रेघ एकदा इकडं, एकदा तिकडं.

रफिकभाई म्हणाले, थांबा जरा. मी थांबले नाही. म्हटलं, "तुम्ही थांबलात ना दुपारी, तेवढं पुरे."

त्यांनी भिंगावरचं जाळीचं झाकण काढून घेतलं. मग म्हणाले, "ताई, नाव माझं गेलं. तुम्ही भांडायला लागल्या, मला इचारलं का? मला बोलायचं होतं. पण तिथं माझ्या बोलण्याला जागाच न्हाई राहिली. एक जण म्हणून राहिला होता माझं नाव धोक्याचं हाय, अन् तुम्ही सांगून राहिल्या होत्या मी बिचारा हाय."

मला त्याचाही राग आला, कारण ते खरं होतं. ऑक्सिजनचे फोटो बिघडलेच.

सकाळी रफिकभाई म्हणाले, परत जाताना लातूरला उतरायचं आणि तुम्ही काही बोलायचं न्हाई.

सभागृहात आदल्या दिवशीपेक्षा गर्दी होती. पाटीवर माझ्या नावाखाली कागदाची चिठ्ठी चिकटवली होती, तिच्यावर रफिकभाईंचं नाव, तेही चुकीचं लिहिलेलं. संयोजक म्हणाले, बघा, झालं की नाही काम.

रफिकभाईंनी फोटोजवळच्या मुलींना विचारलं, ह्यात तुम्हाला काय दिसतं? एकीनं सांगितलं, आग. ते म्हणाले, आग न्हाई, तीन वायू हायत, पण ह्या रंगात ते तुम्हाला दिसणार न्हाईत. मग त्यांनी खिळ्यावरून फोटो उतरवायला हात घातला.

संयोजकांनी अडवलं. "अहो, पण रंग तर तुम्हीच निवडता!"

"निवडतो," रफिकभाई म्हणाले. "म्हणून तर खाली नाव लावतो. हा तुम्ही निवडला, तुमचं लावा."

मी तोंडातून शब्द काढला नाही. हाताच्या मुठी मात्र पदरात आवळून धरल्या होत्या. आता संयोजकही आडवे आले नाहीत. एका मुलीनं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी फोटो पाठमोरा करून भिंतीला टेकवला. भिंतीवर खिळा राहिला आणि पाटी.

परतीच्या गाडीत करडईची तीच शेतं उलटी पळत होती. प्रवासाहून आलं की लोक काय पाहिलं ते विचारतात. मी सांगितलं तर म्हणतात, रंगच तर बदलला, एवढं काय मनावर घ्यायचं? मी मनावर घेते. इतक्या दुरून आलेल्या उजेडालाही इथं उतरताना कुणाला तरी भ्यावं लागतं, याचा मला राग येतो आणि तो निवू नये असंच वाटतं. फक्त पुढच्या वेळी तो काढण्याआधी शेजारी उभ्या माणसाला विचारीन, तुम्ही बोलता की मी?

नांदेड आलं. रफिकभाईंनी दुर्बीण खांद्यावर घेतली आणि म्हणाले, ऑक्सिजन पुन्हा काढावा लागेल. हाव, मी म्हटलं.