रंग जुळला नाही म्हणून

हमीदभाऊ गेल्याचा फोन मस्कतहून त्यांच्या मुलीने, शबानाने केला, तेव्हा मी चहा गाळत होतो. "सर, अब्बू गेले," ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि उरलेला चहा गाळला... दफन तिकडेच झाले. बल्लारपुरात मातीला जाण्याचेही उरले नाही.

हमीदभाऊ शिंपी, माझे सगळे सदरे त्यांच्या हातचे. दोऱ्यासाठी कापडाचा तुकडा घेऊन ते भर उन्हात तीन-तीन दुकाने हिंडत. "रंग नाई जुळला तं सर, लोक शर्ट नाई पाहत, शिवण पाहतेत," असे म्हणत. झटका येऊन गेल्यापासून ते हृदयासाठी मेटोप्रोलॉलची गोळी रोज न चुकता घेत. मुलीकडे गेले आणि तिथे मुक्काम लांबला, गोळ्या संपल्या. तेव्हा त्यांचा मला फोन आला.

"सर, हे गोळी आपली नाई. आपली गुलाबी, हे सफेद. नाव बी अलग. जावई म्हणते खाऊन घ्या. मी म्हटलं, पह्यले सरले पुसतो."

त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रात बारीक अक्षरांत मूळ औषधाचे नाव होते. प्रकार तोच, मात्राही तीच. फक्त कंपनी निराळी. एकच औषध देशोदेशी निरनिराळ्या नावांनी मिळते, हे रसायनशास्त्राच्या शिक्षकाला ठाऊक असायलाच हवे. होते. पण मी डॉक्टर नव्हे, या संकोचाने म्हणालो, "तिथल्या डॉक्टरांना दाखवून मगच घ्या. तोवर इथलीही पाठवतो."

"मंग तुमचीच येऊ द्या," ते निर्धास्तपणे म्हणाले. ही गोळी एकाएकी बंद करायची नसते, हे सांगायचे माझ्याकडून राहिले.

तिकडे जाणाऱ्या एका गृहस्थांकडे मी पाकिटे दिली. ती पोहोचण्याआधी, गोळीविना सहाव्या दिवशी, ते गेले. गोळीमुळेच झाले असे डॉक्टर म्हणत नाहीत. तसे नाही, असेही म्हणत नाहीत.

गेल्या आठवड्यात हमीदभाऊंच्या पत्नी, रझियाभाभी, मस्कतहून परत आल्या. भेटायला गेलो. दुकानाच्या खोलीत मशीन झाकलेले होते. तिकडच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी त्यांनाही हेच औषध सुरू केले आहे. त्यांनी दोन पाकिटे माझ्यापुढे ठेवली.

"सर, तिकडली सफेद होती. इथल्या मेडिकलवाल्यानं हे गुलाबी देल्ली. कालपासून घेतलीच नाई. शबानाचा फोन आला का पुसीन."

चष्मा लावून मी दोन्हींवरची अक्षरे वाचली. मग पुन्हा वाचली.

"एकच आहे, भाभी. मात्राही तीच. आत्ताच घ्या."

"पक्कं ना?"

"पक्कं."

त्या पाणी आणायला आत गेल्या. त्यांनी गोळी गिळेपर्यंत मी हमीदभाऊंच्या स्टुलावर बसून राहिलो.