पायऱ्या न लिहिलेला पेपर

एका तेरा वर्षांच्या मुलीवर मी भर वर्गात कॉपीचा आळ घेतला, आणि तिने कॉपी केलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःबद्दल काही बरं लिहिलंच तर वाचणाऱ्याने सावध राहावं. तेव्हा मी तरुण होते, अडुसष्ट वर्षांची. त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं वाटत असतं.

दोन हजार सतराचा उन्हाळा. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. कॅनडात, स्कारबरोतल्या घरात तीन बेडरूम, एक बेसमेंट आणि मी. मुलगा मिसिसागाला, म्हणजे तसा चाळीस मिनिटांवर. पण हायवेवर ट्रॅफिक असतो, आणि तो नेमका शनिवार-रविवारी जास्त असतो, असं सुनेचं म्हणणं. नातू "हाय आजी" आणि "बाय आजी" या दोन वाक्यांत फोन उरकायचा. मी एकटीपुरता भात लावायचे आणि तोही उरायचा. बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हटलेलं "थँक यू" हे कित्येकदा माझं त्या दिवसातलं एकमेव वाक्य असायचं.

लायब्ररीच्या बोर्डावर एक कागद लागला होता. ब्लॅक मुलांसाठी उन्हाळी वर्ग, सहा आठवडे, गणित शिकवायला कोणी येईल का. मी लग्नाआधी सांगलीला सहा वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. इकडे आल्यावर ते गेलं. मग एका इन्शुरन्स कंपनीत तीस वर्षं फायली. वाटलं, चला, खडू पुन्हा हातात येईल. पोलिसांचा दाखला काढला, साडी नेसावी की नाही यावर दोन दिवस घालवले आणि शेवटी पँट घालून गेले.

वर्ग चर्चच्या खालच्या हॉलमध्ये भरायचा. चालवणाऱ्या बाई मूळच्या जमैकाच्या, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण मला "डार्लिंग" म्हणायच्या. (बोलणं सगळं इंग्रजीत, मी आपल्या भाषेत सांगतेय.) त्यांनी विचारलं, "का यायचंय तुम्हाला?"

मी ज्ञानदान, समाजाचं ऋण वगैरे पाच मिनिटं बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरी कोणी नाही का, डार्लिंग?"

मला राग आला. खरं होतं म्हणून.

सकाळी गणित आणि वाचन, दुपारी त्यांचा त्यांचा इतिहास, कधी कोणी ब्लॅक डॉक्टर नाहीतर इंजिनिअर येऊन गप्पा मारून जायचा. माझ्याकडे आठवी संपवलेली अकरा मुलं. ती मला "मिस" म्हणायची. मी पहिल्या दिवसापासून सांगलीची शाळा सुरू केली. डावीकडे समास सोडा. दिलेले, काढायचे, पायऱ्या, उत्तर. उत्तराखाली दोन रेघा. पायरी नाही तर मार्क नाही. एकाने विचारलं, "मिस, उत्तर बरोबर असलं तरी?" मी म्हटलं, "तरी." तो शेजारच्याला हळूच म्हणाला, "ही तर शाळेपेक्षा कडक आहे." मी ते कौतुक समजले.

त्या अकरांत ती मुलगी. उंच, बारीक वेण्या, उन्हाळ्यातही हूडी. डबा एकटी खायची, मीही एकटीच खायचे, दोघी हॉलच्या दोन टोकांना. तिला घेऊन बाईंचा एक बेत होता. शाळेने तिच्यासाठी नववीला सोप्या गटातलं गणित सुचवलं होतं. त्या गटात एकदा बसलं की युनिव्हर्सिटीची वाट जवळजवळ बंद, आणि ब्लॅक मुलांना तिथेच बसवायची शाळांना सवय, असं बाई म्हणायच्या. आईची सही झालेली होती, पण सप्टेंबरआधी फॉर्म बदलता येत होता. त्यासाठी शाळेला दाखवायला तिचे सोडवलेले पेपर हवे होते आणि शिकवणाऱ्याचं पत्र. म्हणजे माझं.

तिसऱ्या आठवड्यात मी वीस गणितांचा पेपर घेतला. तिचा कागद आला. वीस उत्तरं, वीसच्या वीस बरोबर, आणि एकही पायरी नाही. शेजारच्या मुलाची अठरा बरोबर होती.

मी कागद वर धरला. "पायऱ्या कुठे आहेत?"

"डोक्यात."

"डोक्यात तर माझ्याही बरंच काही आहे," मी म्हटलं. दोघं-तिघं हसले आणि मला चेव आला. "शेजारच्याच्या कागदावर तर नव्हत्या ना? ये, बोर्डावर करून दाखव."

ती उठली. मी तीन नवी गणितं घातली. ऐंशी डॉलरचं जाकीट, तीस टक्के सूट, वर तेरा टक्के टॅक्स. तिने क्षणभर बघून त्रेसष्ट पूर्णांक अठ्ठावीस लिहिलं. बाकीची दोनही तशीच. मार्कर खाली ठेवला, बॅग उचलली आणि जिना चढून निघून गेली. मी काय केलं? मी म्हटलं, "चला, पुढचं गणित."

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही.

बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पाचवीत शाळेने तिला हेच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "अगदी हेच. आईने तिला इथे पाठवली, ती निदान इथे तरी कोणी म्हणणार नाही म्हणून."

मी काहीतरी पुटपुटले, की आमच्याकडे पद्धतच आहे, पायऱ्यांना मार्क असतात, सगळ्यांनाच मी...

"सगळ्यांनाच?" एवढंच त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी आरामखुर्चीत बसले. माझा नातू पायऱ्या न लिहिता गणितं सोडवायचा तेव्हा मी मराठी मंडळातल्या चार बायकांना फोन करून सांगितलं होतं, पोरगं मनातल्या मनात करतं हो, आजोबांवर गेलंय. त्याला कोणाच्या कागदातून बघितलंस का, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. हे कळायला मला खुर्चीत फार वेळ बसावं लागलं नाही, आणि म्हणूनच जास्त लाज वाटली. कुणाला सांगावं म्हणून फोन उचलला. मुलाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "आई, कशाला जातेस अशा भानगडीत." मंडळातल्या बायका माझी बाजू घेतील ही भीती वेगळीच. फोन ठेवून दिला.

त्या आठवड्यात वर्गात दहाच मुलं, आणि तिच्या खुर्चीवर कोणी बसत नव्हतं. कोणी पायऱ्यांबद्दल विचारतही नव्हतं. सगळे निमूट समास सोडत होते. इतका शिस्तीचा वर्ग मला सांगलीतही मिळाला नव्हता.

फॉर्मसाठी अडीच आठवडे उरले होते. बाईंनी आईला फोन केला. आई वृद्धाश्रमात दोन पाळ्या करायची. ती म्हणाली, मुलगी गुरुवारी तीनला लायब्ररीत असते, बोलायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.

बुधवारी मी तोच पेपर घेऊन डायनिंग टेबलाशी बसले, शेवटच्या गणिताच्या जागी बोर्डावरचं जाकीट घातलं आणि वीस गणितं एकही पायरी न लिहिता सोडवली. गणिताची बाई. सहा वर्षांचा अनुभव. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत तो कागद आणि लाल पेन तिच्यासमोर ठेवलं. "तपास," मी म्हटलं.

तिने हूड मागे केलं नाही, पण पेन घेतलं. "आठवं चूक. अकरावं चूक. मिस, हे काय आहे?"

"जाकीट."

"छप्पनचे दहा टक्के पाच साठ. एक टक्का छप्पन सेंट, तो तीनदा. मग बेरीज." पेन फिरत राहिलं. शेवटी तिने वर वीसपैकी अकरा लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. माझ्यासारख्याच, सरळ.

मी म्हटलं, "माझं चुकलं. सॉरी."

तिने कागद माझ्याकडे सरकवला. "म्हणाला होतात सगळ्यांसमोर. इथे कोणीच नाहीये."

सोमवारी ती आली आणि दाराशीच उभी राहिली. मी बाकीच्या दहा मुलांसमोर सांगितलं, हिने कॉपी केली नव्हती, मला खात्री नव्हती आणि तरी मी बोलले, आणि माझ्या स्वतःच्या नातवाला मी असं बोलले नसते. एक मुलगा म्हणाला, "मिस, मग आता तुम्ही बोर्डावर तीन करणार का?" मी केली. तीनच्या तीन त्याने घातली, दोन बरोबर आली. वर्ग इतका हसला की बाई वरून खाली आल्या. ती हसली नाही, पण आत येऊन तिच्या खुर्चीवर बसली.

उरलेल्या दिवसांत तिने चार पेपर दिले. मी पायऱ्या मागितल्या नाहीत. चौथ्यावर तिने आपणहून दोन लिहिल्या, बहुधा माझी कीव येऊन. पत्रात मी फार काही लिहिलं नाही, तिला माझ्यासमोर करताना पाहिलं आहे, एवढंच. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात आईचा बाईंना फोन आला, फॉर्म बदलला.

शेवटच्या दिवशी पार्कमध्ये जेवण होतं. मुलांच्या घरची माणसं आली होती, आज्या, काका, तान्ही बाळं. माझ्या घरचं कोणी यायचा प्रश्न नव्हता. मी झाडाखालच्या बाकावर ताट घेऊन बसले होते. ती आपलं ताट घेऊन आली आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, "माझा राग गेला का गं?"

तिने घास संपवला, नीट विचार केला आणि म्हणाली, "राग नाहीये आता, मिस. पण पेपर दिला ना, की अजून मी आधी तुमचा चेहरा बघते."