याकोबकाकांचं ताट

तेलाच्या टाकीत उतरणाऱ्या प्रत्येकाला याकोबकाका आधी नाव विचारत. चार वर्षं एकाच कॅम्पमध्ये राहणाऱ्यालाही! नाव वहीत लिहायचं, कमरेचा दोरी बांधलेला पट्टा ओढून बघायचा आणि म्हणायचं, "जा. बाहेर येईस्तोवर तू माझा."

काका मूळचे जालन्याचे, सौदीत दम्मामच्या आमच्या साइटवर टाकीच्या तोंडाशी पहाऱ्याला असत. मी दापोलीकडचा मुसलमान. "आमच्यात तुम्ही याकूब," असं मी म्हटलं की हसत. खोलीत भिंतीकडे तोंड करून मोबाइलवर मराठी बायबल वाचत. कसे आहात विचारलं तर एकच उत्तर, "कृपा आहे. कमावलेली नाही, मिळालेली."

विषारी वायू तपासायचा मीटर माझ्याकडे असे. जेवणाच्या सुट्टीनंतर हवा पुन्हा तपासायची, हा नियम. त्या दिवशी काम संपवायची घाई होती.

"इक्बाल, तपासलंस?" काकांनी विचारलं.

"हो. शून्य."

मी मीटर चालूही केला नव्हता. काकांनी वहीत शून्य लिहिलं आणि सांगलीचा सुरेश वेल्डर आत उतरला. पाच मिनिटांत खालचा ठोकण्याचा आवाज थांबला. काकांनी हाक मारली. उत्तर नाही. मी तसाच आत उडी टाकायला धावलो, तर त्यांनी माझी कॉलर धरून मला मागे फेकलं.

"तू गेलास तर दोन मुडदे काढावे लागतील! दोरी ओढ!"

कप्पी करकरत होती. सुरेश वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. काकांनी त्याच्या तोंडाला ऑक्सिजन लावला आणि मांडीवर डोकं घेऊन नाव घेत राहिले, "सुरेश, ए सुरेश." बऱ्याच वेळानं तो खोकला.

चौकशीत साहेबांनी वही पुढे ठेवली. अक्षर काकांचं. मी म्हणालो, "मी काहीच सांगितलं नव्हतं, सर. यांनी मनानंच लिहिलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "यानं सांगितलं ते मी लिहिलं," ते म्हणाले, "पण मीटर स्वतः बघायला हवा होता. बघितला नाही. तेवढी चूक माझी." साहेबांनी माझं खरं मानलं. काकांना खुरूज मिळालं, म्हणजे कायमचं घरी.

संध्याकाळी मेसमध्ये माझ्या टेबलाशी कुणी आलं नाही. खरं काय ते मजुरांना कळायला वेळ लागत नाही. मग समोर एक ताट टेकलं. याकोबकाका!

"काका, दुसरीकडे बसा. लोक बघताहेत."

"बघू देत." त्यांनी भात कालवला. "जक्कय नावाचा एक लबाड माणूस होता. येशूला बघायला झाडावर चढून बसला. येशू त्याला 'आधी सुधार' म्हणाला नाही. म्हणाला, 'खाली उतर, आज मी तुझ्याकडे उतरणार.' माणूस सुधारला तो नंतर."

"मग मी काय करू?"

"ते सांगायला मी आलो नाही. जेवायला आलोय. डाळ वाढ."

मी त्यांच्या ताटात डाळ वाढली. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, तर मी त्या रात्री शांत झोपलो असतो.

सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "खलास. आता तू जाशील." काकांना ताकीद देऊन ठेवून घेतलं.

विमानतळाच्या गाडीपर्यंत काका माझी बॅग घेऊन आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "माफी मेसमध्येच झाली, तुझ्यासमोर ताट ठेवलं तेव्हाच. आता घरी जाऊन अब्बांना खरं कारण सांग."

वाटेत मी दुसरीच गोष्ट जुळवली होती: कंपनीचं काम कमी झालं. घरी उंबऱ्यातच अब्बांनी विचारलं, "काय रे, असा अचानक?" मागे आई उभी होती, बायको उभी होती.

"अब्बा, मी खोटं बोललो," मी म्हणालो. "माझ्यामुळे एक माणूस मरता मरता वाचला."

अब्बांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि आत वळून आईला म्हणाले, "पान वाढ त्याचं."