पापडाची साक्ष

आईने मँचेस्टरला कायमचं राहावं की नाही, हे आमच्या घरात एका पापडाने ठरवायचं होतं.

बाबा गेल्यावर मी तिला पुण्याहून आणलं आणि पुढच्या बेडरूममध्ये ठेवलं. खोली छान, फक्त बुजवलेल्या जुन्या धुराड्याची भिंत ओली. मी भिंतीला तीनदा रंग दिला, तिने तो तीनदा ओकला. आईने जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय. तिने जाहीर केलं, भिंत वाळली तर राहीन, नाहीतर दिवाळीला परत. मोजमाप म्हणून रोज रात्री एक भाजलेला पापड बशीत घालून भिंतीलगतच्या स्टुलावर, तुलनेसाठी दुसरा बॉयलरच्या उबदार, कोरड्या कपाटात. सकाळी स्टुलावरचा सादळलेला असायचा आणि ती तो मला चहाबरोबर मुकाट्याने वाढायची. मला त्या पापडाचा भयंकर राग यायचा. इथे ऑगस्टमध्ये माणसं सादळतात, पापडाचं काय घेऊन बसलीस, असंही म्हणून पाहिलं. बॉयलरजवळचा कुरकुरीत आहे, ती म्हणाली. विषय संपला.

शेवटी प्लास्टरवाला आणला. जुनं प्लास्टर पार विटांपर्यंत खरवडून तो म्हणाला, काजळीतले क्षार भिंतीत मुरलेत, तेच हवेतलं पाणी ओढतात. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तसंच, हे आईने त्याला इंग्रजीत समजावून सांगितलं. त्याने धुराड्यावर टोपी बसवली, खाली हवेसाठी जाळी लावली, चुन्याचं प्लास्टर केलं आणि वाळायला वेळ द्या म्हणून गेला.

आणि काय आश्चर्य, पुढच्याच आठवड्यापासून पापड कडक. मी ऑफिसात पेढे वाटायचाच बाकी होतो.

मग एका सकाळी प्लास्टरवाला भिंत बघायला आला. चहाबरोबरचं खाणं समजून त्याने स्टुलावरचा पापड उचलला आणि कुडुम्‌कन चावला. दुसरा हात भिंतीवर होता. तोंडातला घास गिळून म्हणाला, अजून चिंब आहे, ख्रिसमसपर्यंत तरी हिला रंग लावू नका.

मी आईकडे पाहिलं. ती बशीतले कण बोटाने टिपत होती.

"रोज सकाळी पापड बदलायचीस?"

"तुझ्या आधी उठते मी." मग बशीकडेच बघत म्हणाली, "तिकडे एकटीसाठी पापड भाजवत नाही रे."

तेवढ्यात प्लास्टरवाल्याने आणखी एक मिळेल का विचारलं, आणि आई तिघांसाठी भाजायला उठली.