‘ताबडतोब’ची बाजू

गारगोटीजवळच्या एका गावात आमच्या चळवळीच्या गटानं वादविवाद ठेवला होता. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत ज्यावरून डोकी फुटली, तोच विषय : गुलामगिरी ताबडतोब बंद करावी की टप्प्याटप्प्यानं? आमच्या गटाची पुस्तिका मीच लिहिली होती. तिकडचे मळेवाले मालक काय काय बोलायचे, ते सगळं त्यात घातलं होतं. गुलाम आमच्या घरातलेच आहेत, सोडले तर खातील काय, धर्मातच सांगितलंय, तुमच्या गिरणीतल्या मजुरापेक्षा आमचा गुलाम सुखी आहे.

गावच्या तालमीचे अध्यक्ष हेच डेअरीचेही चेअरमन. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. पुस्तिका हातात घेऊन ते म्हणाले, “पावणं, हे वाचतंय कोण? दवंडी द्या. माणसं जमतील.”

आणि त्यांनी हलगीवाल्याला निरोप धाडला. गुलामगिरीविरुद्धच्या सभेची दवंडी द्यायला कोणाला बोलवावं, याचा विचार गावात कोणालाच करावा लागत नाही. ते काम वेशीबाहेरच्या एकाच घराचं. जत्रेत हलगी त्यांनी वाजवायची, आणि गावात कोणी गेलं की पावण्यांच्या गावोगाव सांगावाही त्यांनीच न्यायचा. मयताचा हार घातलेला फोटो व्हॉट्सॲपवर फिरून झालेला असतो, तरी सांगावा माणसानंच द्यायचा असतो. आता ही पाळी ज्याच्यावर होती, तो दादा डेअरीचा दुधाचा टेंपो चालवायचा. मयत झालं की टेंपो दुसऱ्याकडं देऊन निघायचा.

सभेत बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. ‘ताबडतोब’ आण्णांना आली. ‘टप्प्याटप्प्यानं’ एका निवृत्त गुरुजींना. गुरुजी बिचारे खाली बघत, आधी शिक्षण, मग सवय, मग स्वातंत्र्य, असं काहीतरी पुटपुटले. आण्णा उठले ते बाह्या सरसावूनच.

“हिरीत माणूस बुडाय लागलंय. त्येला औंदा नाकापातूर वर काढू, फुडल्या साली गळ्यापातूर, असं कोण म्हणतंय का? म्हणत असंल तर त्येनं आधी सवता हिरीत उतरावं.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. इतकं चांगलं भाषण आमच्या गटात कोणी केलं नव्हतं. फेटा आणि नारळ आण्णांनाच मिळाला.

मागं भिंतीला टेकून उभा असलेला दादा हलगी काखेत धरून पुढं आला. “आण्णा, येक इचारू? मग माझं कवा?”

लोक हसले. तो हसला नाही. “उद्यापास्नं मी सांगावा न्हेणार न्हाय. हलगीबी न्हाय. दुधाचा टेंपो चालवतोय, तेवढंच काम माझं.”

“आरं, ते अमेरिकेचं चाललंय,” आण्णा म्हणाले. “तू घरचा हाईस की.”

“व्हय. म्हणूनच घरच्यांस्नी सांगतोय.”

“तुला कोण साखळदंड घातल्यात व्हय? तुझ्या बाच्या हलगीशिवाय पालखी हालत न्हवती. मान हाय ह्यो. औंदाची जत्रा हू दे, मग बसून ठरवू.”

माझी पुस्तिका आण्णांनी पान न् पान वाचली होती, यात शंका नाही. फक्त त्यांना ती दोन्ही बाजूंनी उपयोगी पडली.

गुरुजी खुर्चीतूनच म्हणाले, “आण्णा, ही तर माझी बाजू झाली. तिला हरवूनच तुम्ही फेटा बांधलाय.”

आण्णांनी फेटा जरा मागं सारला आणि दादाकडं बघून हळूच म्हणाले, “टेंपो डेअरीचा हाय, येवढं ध्यानात ठेव.”

आठवड्याभरात आण्णांच्याच भावकीत एक म्हातारी गेली. दादाला निरोप गेला. तो दुधाच्या फेरीवर होता, तसाच पुढं निघून गेला. पन्हाळ्याकडं म्हातारीची धाकटी बहीण राहते. तिच्याकडं फोन नाही. मग खुद्द आण्णांनाच मोटरसायकलवर जावं लागलं. दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं ते त्यांना सुचेना. बहिणीनंच विचारलं, “तुमी कसं आलासा? तुमचा माणूस कुठं हाय?”

परत आल्यावर त्यांनी दादाकडून टेंपोची किल्ली काढून घेतली.

आम्ही चौघं डेअरीवर जाऊन बसलो, घोषणा दिल्या, पत्रकं वाटली. किल्ली मिळाली नाही. जत्रेला तालमीनं हलगीच्या जागी बाहेरगावचा बेंजोचा ताफा आणला. आण्णांचा मला फोन आला : आमच्या गावानं जुनी प्रथा बंद केली, तेवढं तुमच्या पत्रकात छापा. फोटोही पाठवला, फेट्यातला. मी छापला नाही. दुसऱ्या कोणीतरी छापला.

दादा आता गारगोटीच्या बाजारात दुसऱ्याच्या टेंपोवर भाजी ओढतो. पगार कमी, मालक तोंडाचा फाटका. परवा भेटला तेव्हा मी पुन्हा डेअरीवर मोर्चा काढायचं बोलत होतो. तो चहा पीत ऐकत होता.

“काढा की,” तो म्हणाला. “मी येतो, पर सुट्टी बघून. आन् येक सांगू? गावात आता कोण गेलं तरी मला आठ-आठ दिस कळत न्हाय. लई निवांत वाटतंय.”