दाराला लावलेली वीट

समजा, एक वजनकाटा तुमच्यासमोर उघडून ठेवलाय. माणसं ज्यावर उभी राहतात तो, छातीएवढ्या उंचीचा, गोल तबकडीचा. मागचं पत्र्याचं झाकण तुम्ही काढलंत. आत एक जाड स्प्रिंग, दोन तरफा आणि त्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे एक पितळी स्क्रू. आधी सुई शून्यावर आहे का ते बघा. मग वीस किलोचं प्रमाण वजन उचला, म्हणजे ज्याच्या खरेपणाबद्दल कुणाला शंका नाही असं लोखंडी वजन, आणि ते काट्यावर ठेवा. सुई विसावर थांबली तर प्रश्नच मिटला. नाही थांबली तर तो पितळी स्क्रू फिरवा, अगदी केसभर. वजन काढा, शून्य बघा, पुन्हा ठेवा. सुई खरं बोलेपर्यंत हेच करत राहायचं.

आता समजा, सुई खरं बोलतेय. आणि तुम्हाला ते नकोय.

काटेवाल्यांवर ही वेळ येईल असं त्यांच्या गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. त्यांचं खरं नाव बहुतेकांना माहीतही नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान, दुकानामागे दोन खोल्या, खोल्यांमागे जेमतेम खाट मावेल एवढं अंगण आणि अंगणात एक झाड. भाजीवाल्यांचे, रद्दीवाल्यांचे, दवाखान्यांचे काटे त्यांच्याकडे यायचे आणि शहाणे होऊन जायचे. एकदा एका रद्दीवाल्याने काटा जरा "आपल्या बाजूचा" करून मागितला. काटेवाल्यांनी त्यालाच काट्यावर उभं केलं, सुईकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "इथे जेवढा दिसतोस ना, तेवढाच आहेस तू. मी काही केलं तरी वाढणार नाहीस." रद्दीवाला हसत हसत गेला तो परत आला नाही, आणि हा किस्सा सांगायचा कंटाळा त्यांना आयुष्यात कधी आला नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी जन्मली तेव्हा फारच लहानखुरी होती, म्हणून त्यांनी तिचं नाव ठेवलं छटाक. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण घरात तेच चिकटलं. छटाक मोठी झाली, शिकली आणि दुसऱ्या शहरात वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. बाप ज्या वजनावर काटे तपासायचा, तसली वजनं ती तपासायची. काटेवाले ओळखीपाळखीत सांगायचे, "आमची पोरगी माझ्याही वरची पायरी. मी चुकलो तर तीच मला पकडणार."

थंडी ओसरली आणि झाडांना लालसर कोंब फुटू लागले तेव्हा छटाकने आठवडाभराची रजा टाकली. निमित्त आरामाचं. आईनेच फोनवर बजावलं होतं की कामाचं काही आणू नकोस, यायचं, खायचं आणि झोपायचं. खरं कारण तिघांनाही ठाऊक होतं आणि कुणी ते काढत नव्हतं. आईचं दुखणं दुसऱ्या वर्षात आलं होतं. औषध बदललं होतं, हे तिसरं, आणि याच्या पलीकडे काही नाही असं डॉक्टरांनी बाप-लेकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. वजन चाळिसाच्या खाली गेलं तर हेही त्यांच्या अंगाला झेपणार नाही, मग थांबवू. पुढची तपासणी येत्या सोमवारी होती.

घरात शिरताना छटाकचा पाय विटेला अडखळला. दुकान आणि खोली यांच्यामधलं दार आपोआप लागायचं, म्हणून त्याला कायम ते वीस किलोचं वजन टेकवून ठेवलेलं असायचं. वापर झाला की पुन्हा दाराशी. लहानपणी ती त्याच्यावर बसून अभ्यास करायची. आता तिथे वीट होती. दार विटेला ढकलत ढकलत पुढे येत होतं. तिने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, वजन गंजलं होतं, रंगवायला काढलंय. ती बरं म्हणाली आणि बॅग ठेवली.

पहिले दोन दिवस खरोखरच सुखात गेले. सकाळचं ऊन अंगणात उतरायचं, खुर्ची त्याच्या मागे मागे सरकवायची आणि आईला त्यात बसवायचं. आई संत्री सोलायची, स्वतः दोन फोडी खायची आणि उरलेलं लेकीच्या हातात द्यायची. शेजारीण भिंतीवरून डोकावली की आई सांगायची, आमच्या छटाकला झोपायला पाठवलंय सरकारने. झाडाकडे बघून ती रोज एकदा म्हणायची की पुढच्या खेपेला येशील तेव्हा इथे सावली असेल. छटाक मान हलवायची. ऊन छान होतं. त्यात बसून कुणी मरणाचा विचार करू नये असं ते ऊन होतं, आणि ती दुसरा कसलाच विचार करत नव्हती.

रोज सकाळी चहाआधी एक गोष्ट ठरलेली. बाबा आईला हात धरून दुकानात आणायचे, काट्यावर चढवायचे आणि मोठ्याने वाचायचे, "सेहेचाळीस. कालच्यासारखंच." आई म्हणायची, "चला, म्हणजे कुणी चोरलं नाही मला." मग बाबा हसायचे. मागच्या तपासणीला हॉस्पिटलमध्ये वजन बरंच कमी भरलं होतं, तेव्हाही बाबांनी हसण्यावारी नेलं होतं. हॉस्पिटलचा काटाच बिघडलाय, त्यांना चांगला मेकॅनिक मिळत नाही म्हणे.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा डोळा लागला. छटाक दुकानात आली, सवयीने शून्य बघितलं आणि सहज त्या काट्यावर उभी राहिली. सुई साठावर गेली.

ती उतरली. शून्य पुन्हा बघितलं. बरोबर होतं. पुन्हा चढली. साठ. मागच्याच आठवड्यात प्रयोगशाळेत नवा काटा तपासताना ती बावन्न किलो भरली होती. आईच्या हातचं कितीही गोड लागलं तरी दोन दिवसांत आठ किलो कुणाच्या अंगाला लागत नाहीत.

बाबा टेबलाशी बसून स्वयंपाकघरातला एक छोटा काटा पुसत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"बाबा, वीस किलोचं वजन कुठंय?"

"रंगवायला."

"रंगवायला म्हणजे कुठं?"

त्यांनी पायानेच टेबलाखालचं गोणपाट सरकवलं. वजन तिथेच होतं, नीट गुंडाळलेलं. त्याच्यावर गंज नव्हता, रंगही नवा नव्हता. तिने ते उचलून काट्यावर ठेवलं. सुई तेवीसवर जाऊन थांबली.

शून्य न हलवता फक्त वजनात भर घालायची, तर पितळी स्क्रूच फिरवावा लागतो. शून्य हलवलं असतं तर ते आईच्या चटकन लक्षात आलं असतं. त्या घरात शून्य बघितल्याशिवाय कुणी बटाटेसुद्धा तोलत नव्हतं. बाबांनी सगळा विचार करून खोटं केलं होतं, मन लावून, जसं ते खरं करायचे.

मग ते बोलले, हातातलं फडकं न सोडता. थंडीच्या सुरुवातीला एकदा सुई अर्ध्या किलोने खाली आली आणि आईने त्या दिवशी ताट सरकवून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही. म्हणून त्यांनी केसभर फिरवला. सुई जागेवर राहिली आणि ती जेवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा केसभर. मग सवयच लागली. सुई जिथल्या तिथे असली की ती दोन घास जास्त खाते, एवढंच त्यांना दिसत होतं.

छटाकने मनातल्या मनात हिशेब केला. दाखवायला सेहेचाळीस, तर खरे चाळीस. कदाचित तेही नाहीत.

"सोमवारी तिकडं कळेलच ना."

"कळेल."

"मग काय करणार?"

बाबांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तू करतेस का खरा? कर. माझा हात तिकडं वळत नाही आता."

तिने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मागचं झाकण उघडलं. स्क्रूच्या डोक्याला पुन्हा पुन्हा फिरवून चकाकी आली होती. तो मूळ खुणेपासून कितीतरी दूर गेला होता. तिने बोटाने आटे चाचपले. जवळजवळ संपले होते. आणखी फिरवायला जागाच उरली नव्हती.

"तेच म्हणतोय," बाबा मागून म्हणाले. "आता पुढं सरकत नाही. दुसरी स्प्रिंग मिळते का बघतोय, जरा मऊ."

त्यांनी ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं, जणू गिऱ्हाइकाचंच काम होतं. मी चुकलो तर हीच पकडणार, असं म्हणणारा माणूस. पकडलं तर होतं, पण पुढे काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. तिने झाकण लावलं, चारही स्क्रू बसवले आणि वजन गोणपाटात गुंडाळून परत टेबलाखाली सरकवलं.

राहिलेल्या दिवसांत ती रोज सकाळी दुकानाच्या दारात उभी राहून ते ऐकत राहिली. सेहेचाळीस. कालच्यासारखंच. चला, चोरलं नाही कुणी मला. एकदा बाबांना फोन आला म्हणून आईला काट्यावरून तिने उतरवलं. आईचं सगळं ओझं क्षणभर तिच्या दंडावर आलं, आणि ते आलंय हे तिला दंडाकडे बघितल्यावरच कळलं.

निघायच्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. कोंब उघडून पानं झाली होती, अजून चिमुकली, चुरगळलेली. आईने वेणी घालायला तिला मागे बसवलं. वेणी कसली, मूठभर केस. मग अंगणाकडेच बघत आई म्हणाली, "छटाक, तू तो काटा बघितलास का गं?"

"कुठला?"

"आपलाच. आता तू त्यातली मोठी माणूस. ठीक आहे ना?"

छटाकचा हात वेणीत थांबला. सोमवारला दोनच दिवस होते. एवढ्यात दुकानातून बाबांच्या खुर्चीचा आवाज आला आणि लगेच थांबला. ते ऐकत होते.

"ठीक आहे," ती म्हणाली.

"हं," आई म्हणाली. छटाकने वेणी संपवून रबर लावलं.

रिक्षा आली तेव्हा आई धरून धरून खोलीच्या दारापर्यंत आली. बाबा बॅग घेऊन पुढे गेले होते. आईने पायाने विटेला हलकेच टोचलं. वीट सरकली आणि दार तिच्या खांद्यावर आलं.

"तुझ्या बाबांना सांग," ती म्हणाली, "ही हलकी पडते. जुनं होतं तेच ठेवा म्हणावं. मला काही अडचण नाही."

तिने लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि दार खांद्याने धरून तशीच उभी राहिली.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळली. छटाकने मागे बघितलं, तर बाबा अजून हात हलवत होते. निरोप त्यांना द्यायचा राहूनच गेला होता. द्यायचाय की नाही, तेही तिला ठरवता येईना. उद्या सकाळी चहाआधी ते आईला हात धरून दुकानात नेतील, सुई वाचतील आणि आई तिचा तो विनोद करेल. दारातली ती वीट आई सगळी थंडीभर बघत आली होती. मग इतके दिवस रोज सकाळी ती त्या काट्यावर नेमकी कुणासाठी चढत होती?